देहाच्या आज्ञा आणि मेंदूतील अर्बुदे : प्रस्तावना

प्रौढ मनुष्याच्या मेंदूत उत्पन्न होणाऱ्या घातक अर्बुदांपैकी सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत दुर्दम्य असे जे ग्लायोब्लास्टोमा नावाचे अर्बुद, त्याचे निदान झाल्यानंतर घरची माणसे डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, त्यांत पहिला प्रश्न उपचाराचा असतो आणि दुसरा कारणाचा. खाण्यापिण्यात काय आले, कोणती चिंता जिवाला लागली होती, डोक्याला पूर्वी कधी मार बसला होता काय, घराण्यात कोणाला असे झाले होते काय, याचा शोध ती माणसे रात्ररात्र आपल्या आठवणींत घेत बसतात. महिन्यापूर्वीपर्यंत नित्याप्रमाणे कामावर जाणारा, सकाळच्या वेळी डोके फार ठणकते एवढीच तक्रार करणारा, आणि मग एके दिवशी ओळखीच्या वस्तूचे नाव न आठवून थबकलेला किंवा एकाएकी आकडी येऊन पडलेला आपला माणूस कशाने हिरावून नेला जात आहे, याचे उत्तर बाहेरच्या जगात कोठेतरी सापडावे, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा असते. परंतु डोक्यावर पूर्वी झालेला तीव्र किरणोत्सर्गाचा मारा आणि काही थोडे आनुवंशिक विकार एवढे वगळले, तर बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत बोट दाखवावे असे बाह्य कारण शास्त्राला सांगता येत नाही. आणि जे सांगता येते, ते दोन वाक्यांत सांगून घरच्यांचे समाधान व्हावे इतके सोपे नाही. ते सावकाश, पायरीपायरीने सांगावे, हा या ग्रंथाचा उद्देश आहे.

ग्रंथभर जो एक विचार निरनिराळ्या प्रकरणांतून मांडला आहे, तो आरंभीच स्पष्ट केलेला बरा. घातक अर्बुद ज्या आज्ञांच्या बळावर वाढते, त्या आज्ञा परक्या नसतात. गर्भावस्थेत ज्या रासायनिक संदेशांनी मेंदूच्या पेशींना विभागावयास, स्थलांतर करावयास आणि आपापले रूप घ्यावयास लावले, त्याच संदेशांचा वापर अर्बुद करीत असते. बिघडलेले असते ते आज्ञा देण्याचे, पोचविण्याचे आणि वेळीच थांबविण्याचे तंत्र. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली, म्हणजे हा रोग इतका चिवट का, आणि त्यावरील औषधांची कथा इतक्या वेळा आशेने आरंभून निराशेत का संपली, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होऊ लागतो.

बहुपेशीय देहात कोणत्याही पेशीला स्वतःच्या मर्जीने वाढण्याची मुभा नाही. तिने कधी दुभंगावे, कधी स्वस्थ बसावे, कोणीकडे सरकावे, आणि सर्व देहाच्या हितासाठी कधी आपला अंत करून घ्यावा, याविषयीचे संदेश तिला शेजारच्या वा दूरच्या पेशींकडून रेणूंच्या रूपाने येत असतात. जुन्या राज्यव्यवहारात जसा हुजुरातून निघालेला खलिता सरहद्दीवरील चौकीत दाखल व्हावा, तेथे त्याचे मोर्तब तपासले जावे, मग त्यातील मजकूर एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात जात अखेर अंमलबजावणी करणाऱ्या मामलेदारापर्यंत पोचावा, आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर तो हुकूम तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार असलेला कोणी अंमलदारही तैनात असावा, तशीच काहीशी व्यवस्था प्रत्येक पेशीत अहोरात्र चालू असते.

या व्यवस्थेचा तपशील असा. पेशीच्या आवरणात रोवलेली, अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशी काही प्रथिने असतात; त्यांस ग्राही म्हणतात. वृद्धिघटकाचा रेणू ग्राहीच्या बाहेरील भागास येऊन चिकटला, की असे दोन ग्राही जवळ येऊन जोडी करतात आणि त्यांचे आतील भाग परस्परांवर, टायरोसीन या अमिनो आम्लाच्या जागी, फॉस्फेटचा गट चढवितात. तो फॉस्फेट हीच आज्ञा पोचल्याची खूण. ती ओळखणारी प्रथिने तेथे येऊन जुळतात आणि त्यांच्या द्वारे रास नावाचे प्रथिन जागे होते; रास रॅफला जागे करते, रॅफ मेकला, मेक अर्कला, आणि अर्क केंद्रकात शिरून विभाजनास लागणारी जनुके कार्यान्वित करविते. त्याच ग्राहीपासून निघणारा दुसरा मार्ग पीआय-३ कायनेज या विकराच्या साहाय्याने आवरणातील एका मेदरेणूवर फॉस्फेट चढवितो. त्यायोगे एकेटी हे प्रथिन सक्रिय होऊन पेशीस जगून राहण्यास सांगते, आणि त्यापुढचे एमटॉर हे प्रथिन तिला अन्नद्रव्ये वापरून वाढण्यास सांगते. निरोगी पेशीत आज्ञेच्या पाठोपाठ ती पुसून टाकणारी विकरेही कामास लागतात, चढविलेले फॉस्फेट उतरविले जातात, आणि वापरलेला ग्राही आत ओढून घेऊन बहुधा नष्ट केला जातो. आज्ञा देण्याइतकेच ती वेळेवर मागे घेणे महत्त्वाचे आहे, हे पुढील सर्व विवेचन वाचताना विसरता कामा नये.

अशा वृद्धिघटकांचा शोध प्रथम कर्करोगाच्या अभ्यासातून लागला नाही. स्टॅन्ले कोहेन यांनी १९६२ साली उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे केलेले एक प्रथिन नवजात पिलांना टोचले, तेव्हा एरवी सुमारे दोन आठवड्यांनी उघडणारे त्यांचे डोळे आठवडाभरातच उघडले आणि त्यांचे पुढचे दातही लवकर वर आले. एवढ्याशा निरीक्षणातून बाह्यत्वचेच्या वृद्धिघटकाचे, म्हणजे ईजीएफचे, ज्ञान झाले. कोहेन आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकारी रीटा लेव्ही-माँतालचिनी यांस वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि प्रथिनावर फॉस्फेट चढविण्या-उतरविण्याच्या ज्या क्रियेवर हा सगळा व्यवहार चालतो, तिच्या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांस १९९२ साली. पिलाचे डोळे उघडविणारी ही आज्ञाच पुढे मानवी मेंदूतील अर्बुदांच्या केंद्रस्थानी सापडावयाची होती, याची त्या वेळी कोणास कल्पनाही नव्हती.

इकडे शल्यविशारद आणि विकृतिशास्त्रज्ञ दुसऱ्याच वाटेने याच ठिकाणाकडे येत होते. बोस्टन येथे हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या शेकडो गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९२६ साली ग्लिया पेशींच्या, म्हणजे चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या पेशींच्या, अर्बुदांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्या वर्गीकरणाचा पाया असा होता, की अर्बुदातील पेशींचे गर्भाच्या मेंदूतील विकसनशील पेशींशी साम्य पहावे आणि विकासाच्या ज्या पायरीवरील पेशीसारखी ती दिसते त्या पायरीवरून गाठीस नाव द्यावे. त्यांच्या हाती ना जनुके होती, ना ग्राही. केवळ रंगविलेल्या काचपट्ट्या होत्या. त्यांच्या योजनेतील पुष्कळसा तपशील पुढे बदलला. तथापि रोगाचे आकलन विकासाच्या संदर्भातच होईल, ही त्यांची दृष्टी खरी ठरली.

त्याच दशकात बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी शस्त्रक्रियेच्या मर्यादेचा अत्यंत कठोर पुरावा दिला. अर्बुदाच्या कडेने कितीही रुंद भाग कापून काढला तरी रोग परतून येतो, हे पाहून त्यांनी ज्यांचा डावा अर्धांग आधीच लुळा पडला होता अशा काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्ध काढून टाकला आणि १९२८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला; परंतु एवढे करूनही रोगाचा कायमचा बंदोबस्त झाला नाही, तो उरलेल्या बाजूने पुन्हा उद्भवला. असे का होते, हे दहा वर्षांनी हान्स योआखिम शेरर यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. अर्बुदाची पेशी गाठीत स्वस्थ बसत नाही. ती रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या शुभ्र भागातील तंतूंच्या बरोबरीने दूरवर सरकते, आणि एखाद्या निरोगी चेतापेशीच्या सभोवार तिच्यासारख्या कित्येक पेशी दाटीने जमलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. शल्यविशारदाला जी कड दिसते, ती रोगाची कड नसते. गर्भाच्या मेंदूतही अपरिपक्व पेशी आपल्या जन्मस्थानापासून निघून तंतूंच्या आधाराने योग्य जागी जात असतात. विकासाच्या काळात जे स्थलांतर आवश्यक असते, तेच रोगात घातक ठरते.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते विषाणूंच्या अभ्यासामुळे. कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या विषाणूचे कर्कजनुक मुळात त्या विषाणूचे नव्हेच, ते निरोगी कोंबडीच्या स्वतःच्या जनुकाची उचललेली नक्कल आहे, असे १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, आणि शत्रू बाहेरून येतो ही समजूत त्या क्षणी मुळासकट हादरली. १९८३ साली माकडांतील एका विषाणूचे कर्कजनुक आणि रक्तातील बिंबाणूंपासून मिळणारा पीडीजीएफ हा वृद्धिघटक यांची रचना जवळजवळ एकच असल्याचे आढळले. हा वृद्धिघटक ग्लिया पेशींच्या विकासात महत्त्वाचा आहे आणि मेंदूच्या काही अर्बुदांतील पेशी तो स्वतःच निर्माण करून स्वतःच्याच ग्राहीला देतात. पुढच्याच वर्षी, पक्ष्यांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या आणखी एका विषाणूचे कर्कजनुक म्हणजे कोहेन यांच्या ईजीएफच्या ग्राहीचाच बाहेरचा भाग छाटलेला तुकडा आहे, असे दिसून आले. आणि १९८५ साली मानवी मेंदूच्या अर्बुदांत त्याच ग्राहीचे जनुक अनेक पटींनी वाढलेले सापडले. उंदराच्या पिलाचे डोळे, पक्ष्याचा विषाणू आणि मनुष्याच्या मेंदूतील गाठ, यांचा धागा चोवीस वर्षांच्या आत असा एकत्र गुंफला गेला.

या ग्राहीची एक विकृती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण आज्ञाव्यवहार बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे तिच्यात स्वच्छ दिसते. सुमारे निम्म्या ग्लायोब्लास्टोमांत ईजीएफआरचे, म्हणजे याच ग्राहीचे, जनुक अनेक पटींनी वाढलेले असते, आणि अशांपैकी बऱ्याच गाठींत त्या जनुकाचे दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे खंड गळून गेलेले असतात. त्यामुळे तयार होणाऱ्या ग्राहीत बाहेरच्या भागातील २६७ अमिनो आम्ले नसतात, आणि संदेश आला की नाही हे पारखणारी जागा त्यांच्याबरोबरच नाहीशी झालेली असते. असा ग्राही वृद्धिघटकाची वाट पाहत नाही. काहीही न येता आतला भाग मंद पण अखंड चालू राहतो, आणि आत ओढून घेऊन त्याचा नाश करण्याची नेहमीची क्रियाही त्याच्या बाबतीत ढिली पडते. निरोगी मेंदूत हा छाटलेला ग्राही नसल्यामुळे केवळ त्यालाच ओळखणारी लस तयार करावी, ही कल्पना मोठी आकर्षक होती आणि तिच्या प्रारंभिक चाचण्यांनी आशाही उत्पन्न केली. परंतु मोठ्या चाचणीत त्या लसीने आयुर्मर्यादा वाढत नाही असे २०१६ साली निष्पन्न झाले. पुन्हा वाढलेल्या गाठी तपासल्या असता कित्येकांतून तो ग्राही नाहीसा झालेला होता, आणि लस न दिलेल्या रुग्णांतही हे घडलेले होते. अर्बुदाला त्याच्यावाचून अडत नव्हते.

आज्ञा अखंड चालू राहणे हा बिघाडाचा एक प्रकार. ती थांबविणारा नाहीसा होणे हा दुसरा. १९९७ साली दहाव्या गुणसूत्रावर पीटेन हे जनुक सापडले, आणि त्याचे प्रथिन पीआय-३ कायनेजने मेदरेणूवर चढविलेला फॉस्फेट उतरविते हे लवकरच कळले. ग्लायोब्लास्टोमात हे गुणसूत्र वारंवार गमावले जाते. आणि पीटेन गेले, की जगून राहण्याच्या आज्ञेला लगाम उरत नाही. तिसरा बिघाड अधिक खोलवरचा. केंद्रकातील डीएनएला इजा झाली असता पेशीचे विभाजन थांबविणारे किंवा तिला मृत्यूकडे नेणारे पी-५३, आणि योग्य संदेशावाचून विभाजनचक्राचे दार उघडू न देणारे आरबी, ही दोन प्रथिने स्वतः नष्ट होतात किंवा त्यांना दडपणारी प्रथिने बळावतात. अमेरिकेत हाती घेतलेल्या कर्करोगांच्या जनुकीय नकाशाच्या महाप्रकल्पात पहिला क्रम ग्लायोब्लास्टोमाचा लावण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०६ गाठी तपासल्या होत्या; त्यांत ग्राही, रास व पीआय-३ कायनेज यांचा मार्ग ८८ टक्के, पी-५३चा मार्ग ८७ टक्के आणि आरबीचा मार्ग ७८ टक्के गाठींत बिघडलेला आढळला, आणि बहुसंख्य गाठींत तिन्ही मार्ग एकदमच बिघडलेले होते. प्रत्येक गाठीत बिघडलेले जनुक वेगळे असू शकते. बिघडलेले काम मात्र तेच असते. या ग्रंथाची प्रकरणे जनुकांच्या नावांनी न पाडता मार्गांच्या नावांनी पाडण्याचे कारण हेच.

विकास आणि विकृती यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमात, आणि म्हणून त्यास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. १९८० साली क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांतील जनुकीय दोष हुडकताना अंगभर काट्यांसारखे केस दाटलेली एक अळी पाहून त्या जनुकास हेजहॉग असे नाव दिले. त्या वेळी हा निव्वळ माशीच्या शरीररचनेचा प्रश्न होता. पुढे असे आढळले, की मनुष्याच्या लहान मेंदूत पुर्किन्ये पेशी याच कुळातील प्रथिन स्रवून शेजारच्या अपरिपक्व पेशींना विभागण्यास सांगतात, आणि हे काम बाळाच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात आटोपून तो पेशींचा थर नाहीसा होतो. जी मुले या मार्गाला आवर घालणाऱ्या पॅच्ड या प्रथिनात दोष घेऊन जन्मतात, त्यांच्यापैकी काहींत ते विभाजन थांबत नाही आणि त्यातून अर्बुद उभे राहते. या मार्गाला रोखणारे पहिले द्रव्य मेंढपाळांच्या आपत्तीतून मिळाले. अमेरिकेतील आयडाहो प्रांतात एकच डोळा असलेली कोकरे जन्मास येत. गाभण मेंढ्यांनी एका ठराविक दिवशी खाल्लेली डोंगरातील एक रानटी वनस्पती हे त्याचे कारण ठरले, आणि तिच्यातील सायक्लोपामीन हे द्रव्य गर्भातील हेजहॉगची आज्ञाच अडविते, हे १९९८ साली उघड झाले.

या ज्ञानातून निघालेल्या व्हिस्मोडेजिब या औषधाची कथा आशा आणि इशारा या दोन्ही दृष्टींनी शिकवण देणारी आहे. सर्वांगभर पसरलेल्या मेड्युलोब्लास्टोमाने जर्जर झालेल्या एका २६ वर्षांच्या तरुणाला ते दिले असता गाठी थोड्याच काळात विरघळून गेल्या, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. परंतु काही महिन्यांतच त्या परतल्या, आणि औषध ज्या प्रथिनाला चिकटते त्यात एकाच अमिनो आम्लाचा बदल होऊन औषधाला तेथे जागा उरली नसल्याचे दिसून आले. शिवाय वाढत्या वयाच्या मुलांना हे औषध दिले असता हाडांची वाढ अकालीच थांबल्याचेही आढळले, कारण हाडे लांब होण्यासाठी देह हीच आज्ञा वापरतो. रोगाची आज्ञा देहाचीच असल्याने ती अडविण्याची किंमतही देहालाच मोजावी लागते, हे इतक्या निःसंदिग्धपणे दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

मेड्युलोब्लास्टोमा हा एक रोग नसून रेणवीय पातळीवरील भेदांनी त्याचे चार मुख्य गट पडतात, हे गेल्या दशकात सर्वमान्य झाले. त्यांतील विंट नावाच्या संदेशमार्गाच्या गटातील मुले उपचारांनी बहुतांशी बरी होतात, तर दुसऱ्या काही गटांत परिणाम फार वाईट असतो. म्हणून गट ओळखणे ही केवळ शास्त्रीय हौस नव्हे. कोणत्या मुलाला किरणोपचार किती द्यावेत आणि कोणाच्या कोवळ्या मेंदूला त्यातून वाचवावे, हा निर्णय त्यावर अवलंबून राहू लागला आहे. मराठी वाचकास समाधान वाटावे अशी गोष्ट ही, की नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, मेणात जतन केलेल्या साध्या ऊतक-नमुन्यांवरूनही हे गट ओळखता यावेत अशी चाचणी विकसित करण्यात आली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. ज्या देशात ताजा नमुना गोठवून ठेवण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात नाही, तेथे अशा कामाचे मोल विशेष आहे.

आता ज्या प्रश्नाचे उत्तर वाचक आतुरतेने शोधील, त्याकडे वळतो. मार्ग जर इतके नीट कळले आहेत, तर ते बंद का करता येत नाहीत? रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात एकच बिघडलेले विकर रोखून रोग वर्षानुवर्षे काबूत ठेवता येतो, हे इमॅटिनिब या औषधाने २००१च्या सुमारास दाखवून दिले होते. तोच न्याय लावून ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआर रोखणारी जेफिटिनिब व एर्लोटिनिब ही औषधे वापरली गेली, पण त्यांनी अपेक्षित गुण आला नाही. याची कारणे एकावर एक चढलेली आहेत. रक्तातील पुष्कळशी द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा जो अडसर निसर्गाने उभारला आहे, तो औषधालाही अडवितो. एकाच गाठीत एका पेशीत ईजीएफआर वाढलेला, तर शेजारच्या पेशीत पीडीजीएफचा ग्राही वाढलेला, अशी मिसळण असते. आणि एकाच पेशीत अनेक ग्राही एकदम जागे असल्यामुळे एक रोखला तरी दुसरे आज्ञा चालू ठेवतात.

त्याहून सूक्ष्म कारण या मार्गांच्या परस्परनियंत्रणात आहे. ईस्टर बेटावरून १९६४च्या मोहिमेत आणलेल्या मातीतील एका जिवाणूपासून रॅपामायसीन हे द्रव्य मिळाले. त्याच्या संशोधनात भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल यांचा वाटा मोठा होता, आणि एमटॉर या प्रथिनाचा शोधही या द्रव्यामुळेच लागला. पीटेन गमावलेल्या ग्लायोब्लास्टोमात ते वापरून पाहता काही रुग्णांत पेशींची वाढ मंदावली. परंतु काहींत एमटॉर दबताच, एरवी तो वरच्या टप्प्यांवर जो दाब ठेवीत असे तोही सुटला, एकेटी अधिकच जोमाने जागे झाले, आणि त्या रुग्णांचा रोग लवकर बळावला. जनुकांची संख्या वाढविण्याची अर्बुदाची एक रीतही येथे नमूद केली पाहिजे. ईजीएफआरच्या जादा नकला पुष्कळदा गुणसूत्रात नसून बाहेर मोकळ्या वर्तुळाकार डीएनएवर असतात. त्यांची वाटणी पेशीविभाजनात समान होत नाही, त्यामुळे औषध चालू असता त्या नकला कमी असलेल्या पेशी तगतात, आणि औषध थांबले की नकला पुन्हा वाढतात, असे २०१४ साली दाखविण्यात आले. अर्बुद आपले हत्यार असे तात्पुरते झाकून ठेवू शकते, हे कळल्यावर एकाच औषधावर सगळी मदार ठेवणे किती भाबडेपणाचे होते, ते उमगते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट उजेडात आली आहे, आणि ती मला या सर्व विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. २०१९ साली स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्ग येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की मेंदूतील निरोगी चेतापेशी ग्लिओमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमासारख्या ग्लिया पेशींच्या अर्बुदांच्या, पेशींशी प्रत्यक्ष सांधे जोडतात, आणि विचार, स्मरण वा हालचाल करताना चेतापेशींमधून जे विद्युत्संदेश वाहतात, ते अर्बुदाच्या पेशीला वाढावयास व पसरावयास मदत करतात. शेरर यांनी ऐंशी वर्षांपूर्वी चेतापेशीभोवती जमलेल्या ज्या पेशी पाहिल्या होत्या, त्या तेथे का जमतात, याला आता अर्थ प्राप्त झाला. मेंदूच्या विकासात चेतापेशींची क्रियाशीलता ग्लिया पेशींना परिपक्व करीत असते. तोच संवाद येथे रोगाच्या उपयोगी पडतो.

हे सर्व वाचून मन खिन्न व्हावे हे साहजिक आहे, आणि खोटा धीर देणे हा या ग्रंथाचा हेतू नाही. किरणोपचारांस, ज्यांना आपल्याकडे लोक शेक म्हणतात, टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली असता ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, असे ५७३ रुग्णांच्या चाचणीतून २००५ साली सिद्ध झाले. आणि त्यानंतर या रोगात इतकी ठळक प्रगती थोडीच झाली आहे. नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबने सूज उतरते, चित्रात गाठ लहान दिसते, पण आयुष्य वाढत नाही, हे २०१४च्या दोन मोठ्या चाचण्यांनी सांगितले. हे आकडे लहान दिसतात. पण मुलीचे लग्न पाहणे, अर्धवट राहिलेले काम हातावेगळे करणे, घरच्यांशी बोलून घेणे, यांना ज्याला अवधी मिळाला, त्याच्या लेखी ते लहान नाहीत.

आणि जेथे रोगाचे स्वरूप नेमके कळले, तेथे फळही मिळाले आहे. २००८ साली काही ग्लिओमांत आयडीएच-१ या विकराच्या १३२व्या अमिनो आम्लात बदल झालेला सापडला. बदललेले विकर एक आम्ल अनैसर्गिक प्रमाणात तयार करते, ते आम्ल पेशीतील जनुकांवरील खुणा बदलून तिला परिपक्व होऊ देत नाही, आणि पेशी अपरिपक्व अवस्थेतच वाढत राहते. ही अर्बुदे ग्लायोब्लास्टोमाहून वेगळी आहेत, हे मान्य होऊन २०२१च्या जागतिक वर्गीकरणात ती वेगळी काढण्यात आली. आणि त्या विकराला रोखणाऱ्या, मेंदूत शिरू शकणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाने मंद वाढीच्या अशा अर्बुदांत रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. शोधापासून औषधापर्यंत पंधरा वर्षे लागली. ती वर्षे कशात गेली, हे शेवटच्या प्रकरणात सविस्तर दिले आहे, कारण संशोधनाला लागणारा काळ म्हणजे दिरंगाई नव्हे, हे समाजाला पटणे फार आवश्यक आहे.

हा ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडेल अशी उमेद आहे. पण तो मुख्यतः त्या सुजाण वाचकासाठी लिहिला आहे, ज्याच्या घरात वा ओळखीत हा रोग आला आहे आणि ज्याला केवळ धीराचे चार शब्द नको आहेत, तर खरी माहिती हवी आहे. त्याने यातून प्रथम एवढे घ्यावे, की या रोगात रुग्णाचा अपराध नाही, घरच्यांची हयगय नाही, आणि तो संसर्गाने कोणास होत नाही; ज्या आज्ञांनी आपल्या प्रत्येकाचा मेंदू घडविला, त्यांच्याच व्यवहारात झालेला हा बिघाड आहे. दुसरे असे, की वर जे काही सांगितले त्यातील पुष्कळसे ज्ञान रुग्णांनी दिलेल्या ऊतकांतून आले आहे. त्या २०६ गाठी २०६ माणसांच्या होत्या, आणि अशा नमुन्यांमागे पुष्कळदा कोणीतरी, संकटाच्या अगदी ऐन घडीला, संमतीच्या कागदावर सही केलेली असते. असे मोठे नकाशे आजवर प्रामुख्याने पाश्चात्त्य रुग्णांच्या गाठींवर उभे राहिले आहेत. आपल्याकडील रुग्णांच्या गाठींत तेच मार्ग तसेच बिघडतात की काही निराळे घडते, हे आपल्या रुग्णालयांतून जतन केलेल्या नमुन्यांखेरीज कोणालाही सांगता यावयाचे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी काढावयाच्या गाठीचा अंश संशोधनासाठी ठेवण्याची परवानगी मागितली, तर तो कागद कशासाठी आहे हे समजून, आणि प्रश्न विचारून, मग निर्णय घेण्याइतकी तयारी या ग्रंथाने वाचकाची झाली, तर तो लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.